श्वास सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

आपल्या रेडिओवर आम्ही हा विषय बोललो, तेव्हा बऱ्याच गटांतून निरोप आले की हे छापूनही द्या, बैठकीत वाचून दाखवता येईल. म्हणून बोललो तसंच इथे लिहितो आहोत.

सुरुवात आमच्याच गटापासून करू. गटातल्या एका आक्कांची लेक शहरातल्या रुग्णालयात कामाला आहे. गावात कुणी विचारलं की आक्का सांगायच्या, "पोरगी ऑक्सिजनवाली आहे." त्यापुढे त्यांनाही फारसं माहीत नव्हतं आणि आम्हालाही. करोनाची दुसरी लाट ओसरली, त्यानंतरच्या दिवाळीला ती घरी आली. करंज्या तळायला बसली होती. बाहेर एक पिकअप गाडी मागे घेताना टूं-टूं वाजली. पोरीच्या हातातला झारा पडला आणि ती उठून उभीच राहिली. थरथरत होती. नंतर चार दिवस ती कुणाशी नीट बोलली नाही, रात्री झोपली नाही. मग गावात चर्चा सुरू. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं देवाला न्या, कुणी म्हणालं नोकरी सोडवा आणि लगीन उरका.

आक्कांनी ही गोष्ट बैठकीत काढली तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिलाच विचारलं, वाचलं, माहितगारांशी बोललो. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

हे काम नेमकं काय असतं?

या कामाला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात. मराठीत श्वसनोपचार तज्ज्ञ म्हणता येईल. रुग्णालयात थोडक्यात 'आरटी' म्हणतात. बारावी विज्ञान शाखेनंतर साधारण चार वर्षांचं शिक्षण असतं, त्यातलं एक वर्ष रुग्णालयात काम करत शिकायचं.

आपण धडधाकट माणसं मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. दिवसाचे वीस हजारांच्या आसपास श्वास होतात आणि त्यातला एकही आपण मोजत नाही. हवेत प्राणवायू असतो २१ टक्के, तेवढ्यावर आपलं भागतं. पण फुप्फुसं सुजली, त्यात पाणी किंवा कफ भरला, की तेवढ्यावर भागत नाही. मग माणसाला जास्त प्राणवायू द्यावा लागतो. तोही नुसता नळी लावून चालत नाही. किती द्यायचा, कोणत्या मास्कने द्यायचा, किती दाबाने द्यायचा, हे दर तासाला बघावं लागतं. दाब कमी पडला तर प्राणवायू पोहोचत नाही, जास्त झाला तर फुप्फुसालाच इजा होते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला खोकता येत नाही, म्हणून त्याचा कफ नळीने ओढून काढावा लागतो. पालथं झोपवावं लागतं. आणि माणूस बरा व्हायला लागला की मशीनची सवय हळूहळू सोडवावी लागते. लेकराचं अंगावरचं दूध तोडताना आपण कसा अंदाज घेत घेत जातो, तसंच.

हे सगळं बघणारी माणसं म्हणजे आरटी. आपल्याकडे ती फार थोडी आहेत. पुष्कळ रुग्णालयांत हेच काम भूल देणारे डॉक्टर आणि परिचारिका करतात. त्यामुळे आज जे सांगतो आहोत ते त्यांनाही लागू आहे.

मशीन नव्हती तेव्हा हात होते

श्वास देणं हे मुळात माणसाचंच काम आहे, हे सांगणारी एक खरी हकिकत आहे. १९५२ साली डेन्मार्क देशातल्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. या आजारात काहींचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत. त्या वेळी श्वासासाठी जी यंत्रं होती, ती अगदी मोजकी होती आणि तीही पुरी पडत नव्हती. पहिल्या काही आठवड्यांत त्या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले.

तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी वेगळा उपाय केला. गळ्याला छेद घेऊन नळी घातली आणि त्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरली. पहिल्यांदा हा उपाय केला तो १२ वर्षांच्या एका मुलीवर. ती जगली. पण पिशवी दाबणार कोण? रात्रंदिवस, आठवडे न् आठवडे? मग वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या पोरापोरींना बोलावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते काम केलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात तिथली.

यातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे पाळ्या. श्वास देणाऱ्यालाही सुट्टी लागते, हात बदलावे लागतात, हे त्या लोकांनी ओळखलं. उसाची मोळी उचलताना आपण खांदा बदलतो ना, तसं. करोनात मात्र पुष्कळ ठिकाणी खांदा बदलायला माणूसच नव्हता.

करोनात त्यांच्यावर काय गुदरलं?

आक्कांच्या लेकीने आम्हाला एक हिशेब सांगितला. मोठा जंबो सिलिंडर असतो, त्यात साधारण ७,००० लिटर प्राणवायू मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल, तर तो साडेअकरा तास पुरतो. पण आजार बळावला आणि नाकातून जोरात प्राणवायू देणारं मशीन लावावं लागलं, तर मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागू शकतो. तोच सिलिंडर दोन तासांच्या आत संपतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ही पोरं डोक्यात सतत हा हिशेब घेऊन काम करत होती. गाडी कधी येणार, तोवर पुरेल का, कुणाचा किती कमी करायचा. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत ऐकलं होतं. राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयात त्या रात्री कामावर असलेल्या माणसाच्या पोटात गोळा आला असेल.

त्यात पीपीई किट. आत घामाने भिजलेलं अंग, सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. पाळी आलेली असेल तर त्या बाईचे हाल आपल्याला वेगळे सांगायला नकोत. रुग्णाच्या तोंडाजवळ, श्वासाजवळ काम, म्हणून लागण होण्याचा धोका मोठा. घरी म्हातारे, लेकरं. कित्येक जण महिनोन्महिने घरीच गेले नाहीत.

आणि शेवटचं सांगताना ती थांबली होती. नातेवाइकांना आत सोडत नसत. म्हणून जाणाऱ्या माणसासमोर फोन धरायचं काम यांच्याकडे असायचं. फोनमध्ये कुणाची आई, कुणाची लेक रडत असायची. फोन बंद केला की लगेच दुसऱ्या खाटेवरची मशीन वाजायची. टूं-टूं-टूं. रडायला वेळ नव्हता. म्हणून पिकअपच्या आवाजाने तिच्या हातून झारा पडला.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. ते मनापासूनच होतं. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत काही ठिकाणी दवाखान्यातल्या माणसांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली, आळीत येऊ दिलं नाही. आपल्याही गावात आशाताईला "लांबून बोल" म्हणणारे होते की नाही, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

थकवा, आणि थकव्यापलीकडचं

साधा थकवा झोपेने जातो. पण महिनोन्महिने ताण राहिला, की झोपूनही जात नाही असा एक शीण येतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत. एक, अंगात त्राण उरत नाही. दोन, कामाबद्दल मन विटतं, माणसांविषयीही कोरडेपणा येतो. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटायला लागतं. ही संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. हे लक्षात घेण्यासारखं आहे. म्हणजे दोष त्या माणसाच्या मनाच्या कमजोरीचा नाही. काम ज्या पद्धतीने करून घेतलं, त्यातही तो आहे.

याच्या पलीकडे आणखी एक जखम असते. जे करायला हवं ते माहीत असतं, पण करता येत नाही. मशीन एक आणि माणसं तीन. निर्णय डॉक्टर घेतात, पण नळी काढणारा किंवा लावणारा हात यांचा असतो. मग वर्षं गेली तरी मन विचारतं, "मी अजून काही केलं असतं तर?" लढाईवरून परतलेल्या सैनिकांमध्ये अशी जखम डॉक्टरांनी आधी ओळखली होती. साथीनंतर ती दवाखान्यातल्या माणसांतही दिसली. दुष्काळात दावणीची जनावरं विकावी लागलेल्या घरांना हे दुःख कळेल. चूक आपली नसते, तरी अपराधी आपल्यालाच वाटतं.

अशा माणसाला "विसर आता, झालं गेलं" म्हटलं की ते गप्प होतं. गप्प झालं म्हणजे बरं झालं, असं नाही.

एकटीचं ओझं, दहा जणींचा खांदा

आमच्या लक्षात आलं की आक्कांच्या लेकीला दोन गोष्टी नव्हत्या. मन मोकळं करायला जागा नव्हती आणि तिच्यासारखंच काम करणारं माणूस जवळ नव्हतं. रुग्णालयात डॉक्टरांची संघटना असते, परिचारिकांची असते. आरटी मात्र एखाद-दुसरी. चुकलं तर कुणाला विचारायचं, बरोबर केलं तर कुणी सांगायचं, पगार-सुट्टीचं गाऱ्हाणं कुणाबरोबर मांडायचं?

बँकेत एकटी बाई गेली की साहेब मान वर करून बघत नाही. गटाच्या दहा जणी गेल्या की खुर्ची मिळते. आशाताईंचंच बघा. २००५ मध्ये आशा योजना आली, तेव्हा गावोगावच्या या बाया सुट्या सुट्या होत्या. त्या एकत्र आल्या, मोर्चे काढले, तेव्हा त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न सरकारदरबारी ऐकला गेला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशाताईंचा गौरव केला. गौरवाने पोट भरत नाही हे खरं, पण आपलं काम दिसलं याचंही माणसाला बळ येतं.

आरटींसाठी २०२१ मध्ये एक गोष्ट झाली. डॉक्टर आणि परिचारिका सोडून आरोग्याची जी इतर कामं आहेत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने कायदा केला. त्यात श्वसनोपचाराचं काम करणाऱ्यांचाही समावेश आहे. शिक्षणाचा दर्जा ठरवणं, नोंदवही ठेवणं, या गोष्टी त्या कायद्यात आहेत. म्हणजे 'ऑक्सिजनवाली' या कामाला कायद्यात नाव मिळालं. पण कायदा कागदावर असतो. शेजारी बसणारं माणूस कायद्याने मिळत नाही, ते आपणच उभं करावं लागतं.

त्यांची बैठक आणि आपली बैठक

अमेरिकेत बॉस्टन शहरात केनेथ श्वार्ट्झ नावाचे एक वकील होते. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १९९५ मध्ये ते गेले. आजारपणात त्यांना जाणवलं की औषधाइतकाच आधार त्यांना दवाखान्यातल्या माणसांच्या मायेच्या शब्दांचा झाला. पण त्या माणसांची माया आटू नये म्हणून त्यांच्याकडे कोण बघतं? त्यांच्या नावाच्या संस्थेने १९९७ पासून रुग्णालयात बैठका सुरू केल्या. ठरलेल्या दिवशी डॉक्टर, परिचारिका, आरटी, सफाई करणारे, सगळे एकत्र बसतात. आधी काहीतरी खातात. मग दोन-तीन जण सांगतात की अमुक रुग्णाच्या वेळी मनाला काय वाटलं. उपचार बरोबर होता की चूक, ही चर्चा तिथे नाही. सल्ला द्यायचा नाही. बोललेलं बाहेर न्यायचं नाही. आता इतर देशांतही अशा बैठका होतात.

हे ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "आगं, ही तर आपलीच बैठक की! फक्त पासबुक नाही." खरंच आहे. गोल बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं, मोठी-लहान करायचं नाही. आपण हे वर्षानुवर्षं करतो आहोत.

आक्कांची लेक सुट्टी संपवून गेली, पण जाताना हे मनात घेऊन गेली. आता महिन्यातून एकदा ती आणि तिच्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या चार-पाच जणी चहाला एकत्र बसतात. शेजारच्या दोन रुग्णालयांतल्या आरटींना त्यांनी फोनवर जोडून घेतलं आहे. कुणाला मशीनची अडचण आली तर विचारतात, कुणाची रात्र वाईट गेली तर सांगतात. शिवाय ती समुपदेशकाकडेही जाते. झोप अजून पूर्ण परतलेली नाही. पण परवा फोनवर ती पोटभर हसली, असं आक्का सांगत होत्या.

आपण काय करू शकतो?

आपल्या गावातून कितीतरी मुली परिचारिका, आरटी, लॅबवाल्या झाल्या आहेत. गावात आशाताई आहेत, रुग्णवाहिका चालवणारे भाऊ आहेत. त्यांच्यासाठी एवढं तरी करू.

पहिलं, विचारताना सांभाळून विचारू. "किती मेले गं तुझ्या हाताखाली?" हा प्रश्न नको. "जेवलीस का? झोप लागते का?" हे विचारू. ती बोलली तर मध्ये न तोडता ऐकू. नाही बोलली तर शेजारी बसून शेंगा सोलू. तेही चालतं.

दुसरं, रात्रपाळी करून आलेल्या लेकी-सुनेला दिवसा झोपू देऊ. "सून दुपारपर्यंत लोळते" असं म्हणणाऱ्याला आपणच समजावून सांगू.

तिसरं, खुणा ओळखू. झोप उडणं, लहानशा आवाजाला दचकणं, तेच तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, चिडचिड, माणसं टाळणं, गोळ्या किंवा दारूचा आधार घेणं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असं चाललं आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर मदत घ्यायला हवी. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे. १४४१६ या नंबरवर फोन करायचा, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. आणि कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच फोन लावा, दवाखान्यात न्या.

चौथं, मनाच्या डॉक्टरकडे जाणं लपवायची गोष्ट नाही, हे आपण बोलून दाखवू. भल्या शिकलेल्यांनाही ही भीती असते. न्यूयॉर्कमधल्या डॉ. लोर्ना ब्रीन करोनाच्या पहिल्या लाटेत अत्यवस्थ रुग्ण बघत होत्या. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. मदत मागितली तर आपलं काम जाईल अशी भीती त्यांना वाटत होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. पुढे २०२२ मध्ये त्यांच्या नावाने तिथे कायदा झाला, दवाखान्यातल्या माणसांच्या मनाची काळजी घेण्यासाठी. कायदा झाला, पण बाई गेली. आपल्याकडे 'नोकरी जाईल'च्या जोडीला 'लग्न मोडेल' हीसुद्धा भीती असते. ती भीती घालवणं आपल्याच हातात आहे.

पाचवं, मागणी करू. ग्रामसभेत, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आपल्या बाया असतात. तिथे विचारू, की इथल्या परिचारिकांना, आशाताईंना बसायला खोली आहे का, स्वच्छ संडास आहे का, आठवड्याची सुट्टी मिळते का, रात्री सोबत असते का. मायेचे दोन शब्द हवेतच, पण रिकामी पदं शब्दांनी भरत नाहीत.

बैठकीत बोलण्यासाठी

हे वाचून झालं की गटात तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावातून दवाखान्यात काम करणाऱ्या किती जणी आहेत? करोनात आपण त्यांच्याशी कसं वागलो? आणि येत्या महिन्यात आपण त्यांच्यापैकी कुणाला चहाला बोलवणार?

आमच्या गटाने वहीत एक ठराव लिहिला आहे. दर वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या आशाताई, परिचारिका आणि माहेरी आलेल्या दवाखान्यातल्या लेकींना बोलवायचं. भाषण नाही, सत्कार नाही. तिळगूळ द्यायचा, चहा पाजायचा आणि त्या जे सांगतील ते ऐकायचं. नवरा नसलेल्या आशाताईंनाही मानाने बोलवायचं, हेही त्या ठरावात लिहिलं आहे. पहिल्या वर्षी आमच्या आशाताई आल्या. वीस मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "करोनात सगळ्या गावाचं तापमान मी मोजलं. मला ताप आला तेव्हा मात्र दार वाजवायला कुणी आलं नाही."

आम्ही सगळ्या खाली मान घालून बसलो. ऐकलं. तेवढं तरी आपण देणं लागतो.

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. रामराम.